एका ‘च’भोवतीचं वर्तुळ

बाबा हृदयविकाराने गेले, त्यानंतर आठव्या महिन्यात मला पहिला झटका आला. मी लिफ्टमध्ये होते. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी छाती आवळली गेली, बोटांना मुंग्या आल्या, कानात शिट्टी वाजायला लागली आणि मनात एकच वाक्य आलं: ‘आता आपलंही तसंच होणार.’ दार उघडलं तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले होते.

ईसीजी काढला, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही झाली. सगळं व्यवस्थित निघालं. पुढच्या दीड महिन्यात आणखी दोनदा तातडीच्या विभागात गेले. तिसऱ्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी खुर्ची ओढली, शेजारी बसले आणि म्हणाले, “तुमचं हृदय चांगलं आहे. पण तुम्हाला होतंय तेही खोटं नाही. याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात आणि यावर उपचार आहेत. समुपदेशकाकडे जा.” तोवर सगळे मला ‘काही झालेलं नाही’ एवढंच सांगत होते. ‘खोटं नाही’ असं म्हणणारे ते पहिले. त्या शब्दांना धरूनच मी पुढे गेले.

समुपदेशन म्हणजे कुणाशी तरी मोकळेपणाने बोलायचं, एवढीच माझी समजूत होती. त्यात पद्धती असतात, एका पद्धतीने काम करणारी व्यक्ती दुसऱ्या पद्धतीवाल्यापेक्षा फार वेगळं काही करते, याची कल्पना नव्हती. ज्यांची वेळ सगळ्यात आधी मिळाली त्यांच्याकडे गेले.

त्या बाई फार छान ऐकायच्या. सल्ला देत नसत, प्रश्नही कमीच विचारत. मी म्हणाले, “घरी सगळं ठीक आहे, मीच उगाच घाबरते,” तर त्या थोडं थांबून म्हणायच्या, “उगाच... म्हणजे आपल्या भीतीला कारण असायचा हक्कच नाही, असं वाटतं तुम्हाला.” माझंच वाक्य परत यायचं, पण येताना त्यातलं झाकलेलं काहीतरी उघडं करून यायचं. चौथ्या भेटीत मी बाबांबद्दल बोलताना पहिल्यांदा रडले. ती मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्री पद्धत होती, हे मला खूप नंतर कळलं. समोरच्याला मनापासून समजून घेणं, त्याला अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः खरं असणं, एवढं नातं मिळालं की माणूस आपल्या आपण बदलू लागतो, असं रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलं होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या खोलीत मला बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हलकं वाटलं. ते खरं होतं आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही.

पण झटके थांबले नाहीत. उलट मी लिफ्ट सोडून जिने चढायला लागले, मग वरच्या मजल्यावरच्या बैठका टाळायला लागले, हार्ट अटॅक आलाच तर हाताशी असावी म्हणून पर्समध्ये अ‍ॅस्पिरिनची पट्टी ठेवायला लागले. यातलं काहीही मी त्या बाईंना सांगितलं नाही. त्या इतक्या आपुलकीने ऐकत होत्या की ‘याचा उपयोग होत नाही’ म्हणणं कृतघ्नपणाचं वाटे. सहाव्या भेटीनंतर कामाचं कारण सांगून फोन केला आणि परत गेले नाही. आपल्याला समुपदेशन लागू पडत नाही, असं मनाशी ठरवून टाकलं. त्या समजुतीत माझे पुढचे पाच महिने वाया गेले. आपण इथे नेमकं काय करणार आहोत, झटक्यांचं काय करायचं, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही ते कधी पुढे आणलं नव्हतं.

मग दुसऱ्या एका समुपदेशक बाईंना मी फोनवरच विचारलं, “तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता?” हा प्रश्न विचारताना मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांना मात्र तो आवडला. म्हणाल्या, “पॅनिकसाठी मी सीबीटीने सुरुवात करते, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम. घरी करायचा अभ्यास असतो. जमेल का?”

पहिल्या भेटीत त्यांनी दोन छोटे फॉर्म दिले. एक नैराश्याचा, नऊ प्रश्नांचा, २७ पैकी गुणांचा. दुसरा चिंतेचा, सात प्रश्नांचा, २१ पैकी. माझे आले ११ आणि १६. पहिल्या फॉर्मचा नववा प्रश्न मरून जावंसं वाटण्याबद्दल असतो. मी तिथे ‘काही दिवस’वर खूण केली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, “जीव द्यावा असा विचार येतो का? कसा, कधी, असं काही मनात ठरवलंय का?” इतकं थेट मला कुणीच विचारलं नव्हतं. ठरवलेलं काही नव्हतं, फक्त ‘सकाळी उठलोच नाही तर बरं’ असं वाटायचं. ते मोठ्याने बोलले आणि कशी कोण जाणे, थोडी सुटका झाली. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, हे आता मी छातीठोकपणे सांगते. मग त्यांनी गुप्ततेबद्दल सांगितलं: इथलं बोलणं इथेच राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मला ते गुप्त ठेवता येणार नाही. ही मर्यादा आधीच कळल्यामुळे माझा विश्वास वाढला.

“तीन महिन्यांनी काय वेगळं झालेलं हवंय?” त्यांनी विचारलं.

“लिफ्टने सातव्या मजल्यावर जायचंय,” मी म्हणाले. त्यांनी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी कागदावर एक चक्र काढलं. शरीरात काहीतरी होतं, म्हणजे धडधड, मुंग्या. त्याचा अर्थ आपण लावतो, ‘हा हार्ट अ‍ॅटॅक.’ त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड त्या अर्थाचा पुरावा ठरते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकची मांडणी अशी केली होती. मी त्या चक्राकडे बघतच राहिले, कारण तो माझ्या लिफ्टचाच नकाशा होता. मग त्यांनी विचारलं की झटका आला की मी काय काय करते. नाडी मोजते, पाण्याची बाटली घट्ट धरते, पर्समधली पट्टी चाचपते. त्या म्हणाल्या, “यातली प्रत्येक गोष्ट त्या क्षणी धीर देते आणि नंतर सांगते की ‘मी होते म्हणून तू वाचलीस.’ त्यामुळे त्यांच्याशिवायही तुम्ही वाचला असता, हे तुम्हाला कधी कळतच नाही.”

चौथ्या भेटीत जे केलं ते मी कधीच विसरणार नाही. त्यांनी मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि म्हणाल्या, “आता आपण दोघी मिळून मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊ.” हे करण्याआधी माझे हृदयाचे रिपोर्ट त्यांनी बघून घेतले होते आणि डॉक्टरांना विचारायलाही लावलं होतं. विसाव्या सेकंदाला ओठ बधिर झाले. पस्तिसाव्याला बोटांना मुंग्या आल्या, अगदी लिफ्टमध्ये आल्या होत्या तशाच. चाळिसाव्याला भिंत किंचित हलल्यासारखी वाटली. माझा हात आपोआप मनगटाकडे गेला. त्या स्वतः धापा टाकत असतानाच त्यांनी मान हलवून ‘नको’ सांगितलं. मी हात मांडीवर ठेवला. मिनिट संपलं. आम्ही गप्प बसलो. दोन-तीन मिनिटांत मुंग्या ओसरल्या. जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच चक्कर, मुंग्या, बधिरपणा येतो, हे त्यांनी आधी सांगितलं होतं आणि मला पटलंही होतं. पण ‘मरणाचं लक्षण’ म्हणून वर्षभर जे अंगावर वागवलं, ते आपण नुसत्या श्वासाने एका मिनिटात उभं करू शकतो आणि ते आपलं आपण ओसरतं, हे माझ्या बोटांना त्या दिवशी कळलं. रोज घरी तीनदा हेच करायचं होतं. नवरा शेजारी बसून मिनिट मोजायचा.

पुढचं पटकन सांगते, कारण ते कष्टाचं असलं तरी सरळ होतं. आधी उघड्या दाराच्या लिफ्टमध्ये उभं राहायचं, मग एक मजला, मग दोन, मग पट्टी घरी ठेवून, मग गर्दीच्या वेळी. अकराव्या आठवड्यात सातवा मजला आला. चिंतेचे गुण १६ वरून ७ वर आले होते. मध्यंतरी झोप फारच उडाली होती, म्हणून बाईंनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. ते वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध तेच देतात. समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेल्या गोळीचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागले. दहा महिन्यांनी त्यांच्याच देखरेखीखाली ती हळूहळू कमी करत बंद झाली. औषध घेणं म्हणजे हार, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. झोप लागायला लागली म्हणून मी तो अभ्यास करू शकले.

आणि मग, सगळं सुरळीत चाललेलं असताना, खरी गोष्ट बाहेर आली.

जाण्याच्या दोन दिवस आधी बाबा मला म्हणाले होते, “छातीत जरा जड वाटतंय गं.” मी लॅपटॉपवर काहीतरी संपवत होते. वर न बघता म्हणाले, “अ‍ॅसिडिटी असेल बाबा, गोळी घ्या आणि पडा थोडा वेळ.” त्यांनी गोळी घेतली आणि पडले. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

बाईंनी विचारनोंदीचा तक्ता काढला. प्रसंग, विचार, भावना, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरोधातला पुरावा, अधिक समतोल विचार. हा तक्ता मी तोवर तीस-चाळीस वेळा भरला होता आणि त्याने मला मदतही केली होती. सीबीटीचे जनक आरन बेक मुळात मनोविश्लेषण शिकलेले. मनात झरकन येऊन जाणारे, न तपासता खरे मानले जाणारे विचार त्यांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या नैराश्यग्रस्त रुग्णांच्या बोलण्यात दिसले आणि त्या विचारांचा पुरावा तपासायची ही रीत तिथूनच उभी राहिली. लिफ्टच्या बाबतीत ती चोख चालली, कारण ‘मी मरणार’ हा विचार खोटा होता. इथे मी ‘विचार’च्या रकान्यात लिहिलं, ‘माझ्यामुळे बाबा गेले.’ बाजूचा पुरावा: मी लक्ष दिलं नाही. विरोधातला पुरावा: मी डॉक्टर नाही, त्यांना आधी हृदयविकार नव्हता, त्यांनी दुसऱ्यांदा तक्रार केली नाही. समतोल विचार: माझ्याकडे तेव्हा जी माहिती होती त्यावरून मी वागले.

सगळं बरोबर होतं आणि मला तो कागद फाडून टाकावासा वाटला. माझ्या बाबांचा कुणीतरी हिशेब मांडून शून्य बाकी काढल्यासारखं वाटलं. मी “हो, बरं वाटलं” म्हणाले आणि घरी आले. पुढची भेट रद्द केली. पहिल्या वेळी जे केलं, तेच परत करत होते. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, बाबांचं ते वाक्यसुद्धा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे जे मला सांगितलंस ना, तक्ता भरताना राग आला ते, हेच त्यांना जाऊन सांग. मग नाही जायचं तर नको जाऊस.”

मी गेले आणि सांगितलं. आवाज थरथरत होता. “तुम्ही ते खोडून काढायला बघत होतात. पण ते वाक्य मी म्हटलंय. मी वर बघितलंच नाही.”

बाईंनी तक्ता फाइलमध्ये ठेवला आणि फाइल टेबलाखाली. म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे. मी घाई केली. तुम्ही वर बघितलं नाही, हे खरं आहे. खरं आहे ते खरंच ठेवून आपण बोलू.”

माझ्या सगळ्या उपचारातला हा सगळ्यात मोठा क्षण, असं मी मानते. एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन धागे सांगितले होते: ध्येयाबद्दल एकमत, ते गाठायला करायच्या कामाबद्दल एकमत आणि दोघांमधला जिव्हाळा. पहिल्या बाईंकडे मला जिव्हाळा मिळाला, पण काम काय ते ठरलं नाही. इथे तिन्ही धागे होते आणि मधला अचानक तुटला. तो तुटल्याचं मी बोलले आणि त्यांनी तो माझ्यासमोर पुन्हा जोडला. मी न बोलता निघून गेले असते, तर ‘सीबीटी म्हणजे कोरडा हिशेब’ असं आज मी सगळ्यांना सांगत फिरले असते.

पुढच्या भेटीत त्यांनी मला ते सगळं एका वाक्यात लिहायला सांगितलं, माझ्या शब्दांत. मी लिहिलं, ‘मला कळायलाच हवं होतं.’ त्यांनी पेन्सिल घेतली आणि ‘कळायलाच’मधल्या ‘च’भोवती एक छोटं वर्तुळ काढलं. बाकी वाक्याला हात लावला नाही.

“हा ‘च’ काढून वाचा.”

मला कळायला हवं होतं.

मी दोनदा वाचलं. दुःख तेवढंच होतं, कदाचित जास्तच. पण गळ्यावरचा हात सुटला होता. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, तिचा गाभा आपल्या भाषेत जणू या एका अक्षरात बसतो. ‘हवं होतं’ ही इच्छा झाली. ‘च’ लागला की ती जगाकडे आणि स्वतःकडे केलेली सक्ती होते. इच्छा पुरी झाली नाही की खंत वाटते, सक्ती मोडली गेली की अपराधीपणा माणसाला खात राहतो. एलिस या दोन भावना वेगळ्या मानत. बाई म्हणाल्या, “खंत जावी असं मी म्हणत नाही. ती तुमच्या प्रेमाची आहे. आपण फक्त ‘च’वर काम करू.” विरोधातल्या पुराव्यांनी जे झालं नाही ते त्या वर्तुळाने झालं, कारण इथे माझं सत्य कुणी माझ्याकडून काढून घेत नव्हतं.

त्यानंतर दोन भेटी रिकाम्या खुर्चीच्या झाल्या. फ्रिट्झ पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट पद्धतीतून आलेला हा प्रकार आहे. समोर खुर्ची ठेवायची, त्यावर ते माणूस बसलंय असं समजून बोलायचं, मग त्या खुर्चीत स्वतः बसून उत्तर द्यायचं. बाईंनी आधी विचारलं, नको वाटलं तर कधीही हात वर करा म्हणाल्या. मी खुर्चीला म्हणाले, “बाबा, मी वर बघितलं नाही.” मग उठून त्या खुर्चीत बसले. बाबा बसायचे तसे माझे हात आपोआप गुडघ्यांवर आले. बराच वेळ शब्द फुटेना. मग तोंडातून निघालं, “अगं, मलाही अ‍ॅसिडिटीच वाटली होती.” हे मी ठरवून बोलले नव्हते. त्या दिवशी घरी येऊन मी चार तास झोपले.

माझ्या ओळखीतली एक मुलगी मंत्रचळाच्या त्रासातून गेली. दार लावलं ना, गॅस बंद ना, हे तिला शंभरदा बघावं लागे. आधीचे समुपदेशक तिला प्रेमाने समजावत आणि त्या समजावण्याची तिला रोजची गरज लागायला लागली. तिला बरं केलं ते, भीती वाटेल तिथे थांबून तपासायला न जाण्याच्या सरावाने. दुसऱ्या एका मैत्रिणीला स्वतःला इजा करून घेण्याची ओढ वाटे. तिला मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) पद्धतीतून आधार मिळाला. त्यात एकट्याच्या भेटींसोबत गटात बसून भावना सांभाळायची कौशल्यं शिकवतात. पद्धती वेगवेगळ्या असल्या तरी गुण बहुधा त्यांच्यातल्या सामायिक गोष्टींनी येतो, असं मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेन्झ्वाइग यांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं. मला ते अर्धं पटतं. बाबांच्या बाबतीत मला सावरलं ते नात्याने. पण लिफ्टची भीती नुसत्या नात्याने गेली नसती. तिथे ते एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यावाच लागला. म्हणून कुणी मला विचारलं की मी सांगते: पहिल्याच फोनवर पद्धत विचारा, तुमच्या त्रासासाठी तीच का ते विचारा, आणि चार-पाच भेटींनंतर फरक वाटत नसेल तर तसं तोंडावर सांगा. चांगल्या समुपदेशकाला त्याचा राग येत नाही.

शेवटच्या चार भेटी आम्ही लांबवल्या, आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. निरोप घेताना बाई म्हणाल्या, “झटका पुन्हा कधीतरी येईल. आला म्हणजे सगळं पुसलं गेलं असं समजू नका.”

तो आला. बाबांच्या दुसऱ्या स्मृतिदिनाच्या सकाळी, त्याच लिफ्टमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. बोटांना मुंग्या, कानात शिट्टी. हात मनगटाकडे निघाला तो मी थांबवला आणि पर्सच्या पट्ट्यावर ठेवला. शेजारच्या माणसाने विचारलं, “तुम्हाला बरं नाही का?” मी म्हणाले, “घाबरायला होतंय. जाईल थोड्या वेळात.” पाचव्यावर तो उतरला. सहाव्यावर कुणी नव्हतं, दार उघडून बंद झालं. मुंग्या अजून होत्या. सातव्यावर मी उतरले.